ऑल व्हील ड्राइव्ह सेडानला रिम 17 इंच की 18? नागपूरचा उन्हाळा आणि सिमेंट रोड धरून बोला

मनीषनगरकर (धागा सुरू करणारा)
माझं मत असं की, नागपुरात ऑल व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी) सेडान चालवायची तर रिम 17 इंचाच्या वर नेऊच नये.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली ऑडी ए4 क्वाट्रो (ऑडीची ऑल व्हील ड्राइव्ह) आहे, बी8 पिढीतली, 3.0 डिझेल. तिच्यावर 225/50 आर17 टायर आहेत (रुंदी 225 मिलिमीटर, साइडवॉलची उंची तिच्या 50 टक्के, रिम 17 इंच). मित्र मागे लागलेत, 255/35 आर19 टाक म्हणून. गाडी देखणी दिसेल, मान्य. पण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बघा: आत्ता 112 मिलिमीटर, 19 वर गेलो की 89. रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर बोटभर कमी झालं. त्यात आपल्याकडे खड्ड्यांपेक्षा वाईट म्हणजे सिमेंट रोड संपून डांबरी सुरू होतो तिथली कड. पावसात पाणी साचलं की ती दिसतच नाही. मागच्या पावसाळ्यात अशाच कडेवर माझ्या भावाच्या गाडीची 18 इंची रिम वाकली आणि टायरला फुगा आला. घरी आई-बाबा मागे बसलेले असतात. मला तो धोका नको.

शिवाय 225/50 आर17 कुठेही मिळतो. बीएमडब्ल्यू 3 सिरीजच्या एफ30 ला आणि मर्सिडीज सी-क्लासच्या डब्ल्यू205 ला हाच साइज येतो.

धरमपेठ_18
दादा, 19 बद्दल तुमचं बरोबर आहे. पण 18 ला त्याच माळेत ओवू नका.

245/40 आर18 हा ए4 ला कंपनीनेच दिलेला साइज आहे. साइडवॉल 98, म्हणजे तुमच्यापेक्षा 14 मिलिमीटर कमी. टायरचा एकूण व्यास 653, तुमचा 657. स्पीडोमीटरला अर्ध्या टक्क्याचा फरक, तो कळतही नाही. आता समृद्धी महामार्गावर 120 ने जाताना ट्रकच्या बाजूने लेन बदलून बघा. 17 वर गाडी आधी टायरवर कलते आणि मग वळते. 18 वर स्टिअरिंग फिरवलं त्याच क्षणी गाडी जाते. मी हे सुरक्षेसाठीच मानतो, दिखाव्यासाठी नाही.

तीन वर्षं झाली, एकही रिम वाकली नाही, कारण दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड टायरची हवा बघतो. भावाच्या टायरमध्ये त्या दिवशी हवा किती होती, विचारा एकदा.

मनीषनगरकर
विचारलं. 27 पीएसआय होती, पाहिजे होती 35 च्या आसपास. तेवढं मान्य. पण प्रत्येक जण पंधरा दिवसांनी हवा बघत नाही, आणि हवा कमी असताना जास्त रबर असलेला टायरच माफ करतो.

वाडीचा टायरवाला
राजेहो, इंचावर काहून भांडून राहिले? ही गाडी चारही चाकांनी ओढते. तिचा पहिला प्रश्न साइजचा नाही, चारही टायर सारखे हायेत का हा आहे.

हिशेब सांगतो. नव्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर खोल धरा. मागचे झिजून 3 वर आले अन तुम्ही फक्त पुढचे दोन नवे टाकले. त्रिज्येत 5 चा फरक झाला. नवा टायर एका किलोमीटरला 485 फेरे मारते, जुना 492. नागपूर ते मुंबई समृद्धीचे 701 किलोमीटर गेले की मागचं चाक पुढच्यापेक्षा पाच हजार फेरे जास्त फिरलं. हा फरक कोण सोसते? मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या अन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा. सरळ रस्त्यावर त्याला आराम पाहिजे, अन तो पूर्ण वेळ घासत राहते. तेल तापते, दात झिजतात.

माझ्याकडे एक गाडी आली होती. दुसऱ्या दुकानातून पुढचे दोन तेवढे बदलून आणले होते, साइज तोच, कंपनी वेगळी. वळताना खालून गुरगुर. साइज एक असला तरी दोन कंपन्यांच्या टायरचा घेर एक नसते भाऊ. चारही सारखे केले, आवाज बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

दर आठ-दहा हजारला पुढचे मागे, मागचे पुढे करा. मग चारही सोबत झिजतात. 17 घ्या नाही तर 18, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे चार घ्या.

त्रिमूर्तीनगरची मेकॅनिकल
टायरवाले दादांशी बरीचशी सहमत आहे, पण एक गोष्ट खटकते. यातून लोक असा अर्थ काढतात की एक टायर फाटला तर चारही फेका. उरलेल्या तिघांची नक्षी 6 च्या वर असेल तर तोच टायर एक नवा आणून चालतं. फरक दोन मिलिमीटरच्या आत येतो. 3 वर आले असतील तर चार घ्या, तसेही पावसाळ्यात ते पाणी बाजूला सारत नाहीत. कायद्याने 1.6 पर्यंत चालतं म्हणून तिथपर्यंत ओढू नका. आणि स्टेपनी लहान साइजची असेल तर ती पंक्चरच्या दुकानापर्यंतच, अमरावतीपर्यंत नाही.

धरमपेठ_18, तुमच्या टायरवर लोड इंडेक्स काय लिहिलाय? 245/40 आर18 मध्ये 93 चा टायर 650 किलो पेलतो, 97 चा 730. स्वस्तात बहुधा 93 चा गळ्यात मारतात. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन ही गाडी दोन टनांच्या पुढे जाते. इथल्या मे महिन्यात (2013 मध्ये 23 मे ला पारा 47.9 वर गेला होता) तापलेल्या सिमेंटवर 120 ने पळताना तो फरक फार मोठा असतो.

धरमपेठ_18
आत्ता खाली जाऊन पाहिलं. 97 आहे. पण खरं सांगतो ताई, घेताना मी विचारलं नव्हतं.

हिंगणा एमआयडीसी
ऑक्टेव्हियाची 18 ची जुनी रिम स्वस्तात मिळून राहिली. पीसीडी (बोल्टच्या भोकांचं माप) 5x112 तोच आहे. ए4 ला बसेल ना?

वाडीचा टायरवाला
नाही बसणार. बोल्टचे भोकं जुळतात, पण मधलं भोक स्कोडाचं 57.1 मिलिमीटर, ऑडीच्या हबला 66.5 पाहिजे. उलटं असतं तर रिंग टाकून जमलं असतं. खरडून मोठं करून देणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. अन ऑफसेटही (रिम हबपासून किती आत-बाहेर बसते ते, ईटी म्हणून लिहितात) पाहा: ए4 ची 18 ची रिम 8जे (8 इंच रुंद), ईटी47 आहे. ईटी 35 ची टाकली तर चाक 12 मिलिमीटर बाहेर निघते, मागे तिघं बसले की फेंडरला घासू शकते.

मनीषनगरकर
आज नक्षी मोजली. पुढे 4, मागे साडेपाच. म्हणजे मागच्या मालकाने कधी अदलाबदल केलीच नाही, आणि वर्षभर मीही नाही. डिफरन्शियलचं तेल आधी बदलून घेतो, मग चार टायर, 225/50 आर17, एक्स्ट्रा लोड 98 चे. 18 चा मोह मला अजूनही पटलेला नाही.

धरमपेठ_18
रविवारी सकाळी सहाला शिवमडक्याला, समृद्धी सुरू होते तिथं, या. वायफळ गावच्या टोलपर्यंत तुम्ही माझी चालवा, परत येताना मी तुमची. हवा घरूनच, थंड टायरमध्ये भरून निघा.