आतून आलेल्या बनावट मेलचा माग कसा काढायचा? (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, एक्सचेंज २०१९)

मकरपुराकर:
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, मेल सर्व्हर आमचाच. काल सकाळी ११:४० ला प्लांट हेडच्या नावानं ‘या महिन्याचा ओव्हरटाइम रद्द’ असा मेल सगळ्यांना गेला. त्यांनी तो पाठवलेला नाही. कुठल्या मशीनवरून गेला, ते कसं शोधू? हाताशी एकानं फॉरवर्ड केलेली प्रत आहे.

दांडियाबाजार:
ती प्रत कामाची नाही, तिच्यात फॉरवर्ड करणाऱ्याचे हेडर (मेलच्या प्रवासाच्या लपलेल्या नोंदी) असतात. मूळ मेल अटॅचमेंट म्हणून मागवा. ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचायच्या, सर्वांत जुनी तळाशी असते. हेडरमध्ये शेवटी ‘ऑथअ‍ॅज’ असलेली ओळ शोधा. तिथे ‘अ‍ॅनॉनिमस’ असेल, तर मेल पासवर्डशिवाय शिरला. स्कॅनरसाठी केलेला रिले कनेक्टर (पासवर्डशिवाय मेल घेणारी सर्व्हरची वाट) अख्ख्या सबनेटला (नेटवर्कच्या त्या भागातल्या सगळ्या पत्त्यांना) खुला असला की कुठल्याही पीसीवरून ‘फ्रॉम’मध्ये हवं ते नाव घालता येतं.

मग हेडरमधून मेसेज-आयडी (त्या मेलची खूण) उचला आणि गेट-मेसेजट्रॅकिंगलॉग ही एक्सचेंजची कमांड चालवा, ती सर्व्हरवरच्या मेलच्या नोंदी (ट्रॅकिंग लॉग) दाखवते. ‘स्टोअरड्रायव्हर’ची ‘सबमिट’ नोंद दिसली, तर मेल मेलबॉक्समधून निघाला. नुसती ‘एसएमटीपी रिसीव्ह’ असेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी मशीननं सर्व्हरला दिला. तिथे ‘क्लायंटआयपी’त बऱ्याचदा सर्व्हरचाच पत्ता येतो, म्हणून ‘ओरिजिनलक्लायंटआयपी’ बघा. हे लॉग मुळात ३० दिवस राहतात, पण फोल्डरची मर्यादा भरली की आधीच उडतात. आजच कॉपी करून ठेवा.

मकरपुराकर:
‘अ‍ॅनॉनिमस’च निघालं. पत्ता १९२.१६८.२०.५७.

रावपुरा:
आता डीएचसीपी सर्व्हरवर (मशीनना आयपी पत्ते वाटणारा) सिस्टम३२ मधलं डीएचसीपी फोल्डर उघडा. तिथे वारांच्या नावाच्या फाइली असतात, पुढच्या आठवड्यात त्याच वाराची फाइल पुसली जाते. घाई करा.

इथे वेळेचा घोळ होतो. ट्रॅकिंग लॉगच्या मूळ फाइलीत यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे तुमचे ११:४० तिथे ०६:१०; डीएचसीपीच्या फाइलीत मात्र स्थानिक वेळ. साडेपाच तासांच्या फरकानं भलत्याच माणसाचं नाव पुढे येतं.

नेमकी ११:४० ची नोंद मिळणार नाही. त्याआधीची या पत्त्याची शेवटची १० क्रमांकाची (नवी लीज, म्हणजे पत्ता ठरावीक मुदतीसाठी देणं) किंवा ११ क्रमांकाची (नूतनीकरण) नोंद शोधा. लीज आठ दिवसांची असेल आणि पीसी बंदच झाला नसेल, तर ती नोंद चार दिवस जुनीही असू शकते. ओळ साधारण अशी दिसेल: ११, तारीख, ०८:५२:१८, रिन्यू, १९२.१६८.२०.५७, पॅकिंग-०३, मॅक पत्ता. नावावर विसंबू नका, ते बदलता येतं. मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) स्विचच्या (सगळ्या पीसींच्या केबल जिथे जोडतात ते यंत्र) टेबलात शोधून पोर्ट काढा. सिस्कोच्या स्विचवर ही नोंद मुळात ३०० सेकंदांत जाते, म्हणून आधी त्या पत्त्याला पिंग करा (हाक मारून उत्तर मिळवा).

दांडियाबाजार:
मशीन सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नव्हे. शिफ्टच्या सामाईक पीसीवर विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२४ (लॉगिनची नोंद) बघा: टाइप २ म्हणजे समोर बसून, टाइप १० म्हणजे रिमोटनं. पुढे जाण्याआधी एचआरचं लेखी पत्र घ्या. लॉगचा हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) काढून ठेवा, प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लागतो. आणि कनेक्टरवर आजच फक्त स्कॅनरचे पत्ते ठेवा.