जिप्सी घरीच दोन इंच उचलायची आहे, कुणी केलंय का?

मोहाडीकर:
नमस्कार मंडळी. २०११ ची मारुती जिप्सी आहे, एमएच-१५ पासिंग. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास बागेत जायच्या रस्त्याला ट्रॅक्टरने चाकोरी इतकी खोल पाडलेली असते की मधल्या उंचवट्याला मागचा डिफरन्शिअल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, घासतो. गेल्या आठवड्यात औषधाचे ड्रम घेऊन जाताना तिथेच बसली, ट्रॅक्टरने ओढून काढली. म्हणून लिफ्ट किट आणलंय: लांब शॅकल (कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या), चारही कमानींत घालायला एकेक जादा पाटा, कमान ॲक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट आणि चार शॉकअप. शेडमध्ये कोबा आहे, दोन जॅक आहेत. मेहुणे ट्रॅक्टरचं काम स्वतः करतात. शनिवार-रविवारात उरकेल का? काय सांभाळायचं ते सांगा.

अंबड_लेथ:
भाऊ, कोबा आहे हे चांगलं. शुक्रवारी रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी निम्मा त्रास वाचतो. जादा पाटा घालताना पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट सोडण्याआधी कमान दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्पने आवळून धरा. बोल्ट निघाला की पाटे उसळतात, बोटं मध्ये नकोत. परत बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय का ते हाताने चाचपून बघा. नाही बसलं तर ॲक्सल तिरका राहतो. जुने यू-बोल्ट भंगारात टाका, ते एकदा आवळताना ताणले गेलेले असतात.

सिडको_जिप्सी:
दादा, किटचा खोका उघडण्याआधी थोडं थांबा. डिफरन्शिअल घासतो म्हणताय ना? लिफ्ट किटने चॅसी आणि बॉडी वर जाते. ॲक्सल चाकांवर बसलेला आहे, तो होता तिथेच राहणार, दोन इंच उचला नाहीतर चार. डिफरन्शिअल वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिमी भरतो, २३५/७५ आर १५ चा ७३३. त्यातला निम्मा फरक, म्हणजे जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर, तुम्हाला खालून मिळेल. किटमुळे तो टायर मडगार्डला न घासता बसतो. रिमची रुंदी त्या टायरला चालते का हे टायरवाल्याकडून आधी बघून घ्या. आणि काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल, हे लक्षात ठेवा.

आता घरी करण्याबद्दल. मी माझ्या गाडीचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, नव्हत्या म्हणून चॅसीखाली विटा रचल्या. मागची डावी कमान सुटली आणि पाचेक मिनिटांत वीट फुटली. वीट वाकत नाही, करकरत नाही, एकदम भुगा होते. गाडी ब्रेकच्या ड्रमवर आदळली. वडील दोन फुटांवर बॅटरी धरून उभे होते, त्यांच्या चपलेवर तो लाल भुगा पडला होता. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हा हात जोडून सांगतो, घोड्यांच्या दोन जोड्या आणा. घोड्या चॅसीखाली लावा, जॅक ॲक्सलखाली धरून हळूहळू सोडा. एका वेळी एकच ॲक्सल सोडायचा, दुसरी चाकं जमिनीवर आणि त्यांना पुढून-मागून ओंडके.

शॉकअप काढल्यावर ॲक्सल लोंबकळू देऊ नका. ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणला जातो. काम झाल्यावर ॲक्सल पूर्ण खाली सोडून आणि पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप बघा. जरा जरी ताण दिसला तरी लांब पाइप टाकल्याशिवाय गाडी हलवू नका.

शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवूनच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबरी बुश तिथेच धरला जातो, वजन आलं की पिळतो आणि लवकर फाटतो. यू-बोल्ट आलटून-पालटून समोरासमोर आवळायचे आणि शंभर किलोमीटरनंतर परत.

पुढच्या लांब शॅकलने कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा पुढच्या ॲक्सलचा मागचा कल, कमी होतो. विल्होळीच्या पुढे मुंबई-आग्रा रस्त्यावर ७० च्या वेगाला माझी गाडी भटकायला लागली, स्टिअरिंग सोडलं तरी सरळ येईना. शेवटी अलाइनमेंटवाल्याकडे कॅस्टर मोजला आणि ॲक्सलची बैठक व कमान यांच्यामध्ये लोखंडी पाचर घातली, तेव्हा सरळ झाली. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर येतात.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. पेठ रोडला आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. पुढे क्लेमची वेळ आली तर तो कागदच कामाला येईल.

मोहाडीकर:
दादा, वडिलांचं वाचून अंगावर काटा आला. सकाळी मेहुण्यांना घेऊन माप घेतलं. डिफरन्शिअलखाली २१ सेंटीमीटर, चाकोरीतला उंचवटा २३. मोठे टायर टाकून २४ च्या थोडं वर जाईल. एवढ्याने भागेल?

सिडको_जिप्सी:
सुक्या मातीत निघाल कसेबसे. पण पाऊस झाला आणि चाकं दोन सेंटीमीटर रुतली की पुन्हा तेच. तो उंचवटा ट्रॅक्टरने फोडून फळी मारून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. हंगाम त्यावर काढा, टायर आणि किटचं छाटणीची गडबड संपल्यावर बघा.

मोहाडीकर:
ठीक, उद्या फळी मारतो. किट शेडमध्ये ठेवलंय. घोड्या तीन टनी घेऊ का?

अंबड_लेथ:
तीन टनी पुरतात. मात्र दाते आणि खटका हाताने चालवून बघूनच घ्या.