आयर्लंडमध्ये नवीन घर: हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन घ्यावं का?

सदाफुली_मेयो
नमस्कार मंडळी. काउंटी मेयोमध्ये घर बांधतोय, कॅसलबारपासून वीस मिनिटांवर. नवरा इथलाच, सासऱ्यांच्या शेताच्या कोपऱ्यात जागा मिळाली. १६० चौ. मीटर, वर-खाली दोन मजले, ब्लॉकच्या भिंती, घर गरम करायला विजेवरचा हीट पंप. पुढच्या महिन्यात छत चढेल आणि बिल्डर रोज विचारतोय की व्हेंटिलेशन कोणतं.

एक कोटेशन एमव्हीएचआरचं, म्हणजे हीट रिकव्हरी. बाहेर जाणारी उबदार हवा आत येणाऱ्या गार हवेला आपली ऊब देऊन जाते, दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. ८,४०० युरो. दुसरं डीसीव्हीचं. त्यात बाथरूम-किचनमधून हवा सतत ओढतात आणि खोल्यांच्या भिंतीतल्या झडपा दमटपणा बघून कमीजास्त उघडतात. ४,३०० युरो.

बजेट ५,०००, फार ताणलं तर ६,०००. आम्ही दोघं, चार वर्षांची लेक, आणि वर्षातले काही महिने आई. फोडणी रोज. कपडे दहा महिने घरातच वाळतात. सासऱ्यांचं मत: "खिडकी उघडा."

ब्रॅम्प्टनकर
डोळे झाकून हीट रिकव्हरी घ्या. आमच्या ऑन्टारियोत २०१७ पासून नवीन घरात ते असतंच, कुणी विचारतही नाही. आमचं ३,२०० स्क्वेअर फूट, शिवाय खाली फिनिश्ड बेसमेंट. बाहेर उणे २५ असताना आत बनियनवर बसतो. दहा हजार लागले तरी बेहत्तर, घर एकदाच होतं.
एकच सांगतो, साधा एचआरव्ही (नुसती ऊब परत देणारा) नको, ईआरव्ही घ्या. तो हवेतला ओलावाही परत देतो. आमच्याकडे साधा आहे, जानेवारीत नाकातून रक्त येतं.

निवांत
साडेआठ हजार युरो म्हणजे आठ लाखांच्या वर! हवा आत यायला? आमच्या आजोबांच्या वाड्याला झरोके होते. फुकट.

चिमणी_डब्लिन
@ब्रॅम्प्टनकर, काका, मेयोमध्ये नाकातून रक्त नाही, भिंतीतून पाणी येतं. तिथे ओलावा परत कशाला हवाय?
सदाफुली, आमच्याकडे डीसीव्ही आहे, बिल्डरने दिलेलं. भिंतीतली झडप बरोबर माझ्या उशीच्या वर. पश्चिमेचा वारा सुटला की कपाळावर कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटतं. तीन वर्षं टोपी घालून झोपते. माझं मत हीट रिकव्हरीला.

कॉर्कचा_कदम
आमच्याकडे २०१९ पासून हीट रिकव्हरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यंत्र थंड माळ्यावर ठेवलं, ही पहिली चूक. तिथे नळ्यांवर इन्सुलेशन पुरेसं नसेल तर वाचवलेली ऊब माळ्यालाच मिळते. यंत्र घराच्या उबदार भागात ठेवा, युटिलिटी रूममध्ये वगैरे. फिल्टर बदलताना शिडीही लागत नाही.

दुसरं म्हणजे, बसवणाऱ्याने लवचीक नळ्या वापरल्या, ॲकॉर्डियनसारख्या. वळणावर त्या चेपल्या, मग पंखा जोर लावणार आणि आवाज येणार. सायलेन्सर टाकलाच नव्हता. रात्रभर हूंऽऽ. शेवटी बायकोने बेडरूमच्या झडपेत मोजा कोंबला. आवाज थांबला, पण सगळ्या खोल्यांचं संतुलन बिघडलं आणि बाथरूमच्या आरशावरची वाफ हटेना. मोजा सापडायला मला दोन महिने लागले.

आणखी एक. प्लास्टर घासायचं काम चालू असताना कुणीतरी यंत्र चालू करून ठेवलं. पहिला फिल्टर काढला तर पिठाच्या चाळणीसारखा पांढराफटक. नळ्यांची तोंडं काम संपेपर्यंत टेपने बंद ठेवायला सांगा.

एवढं होऊनही पुन्हा घर बांधलं तर हेच घेईन. काचांवर पाणी नाही, कपाटात बुरशी नाही.

सावंतीण
+१ हीट रिकव्हरी. आणि किचनची चिमणी त्याला जोडू नका, नळ्यांत तेलाचा थर बसतो. चिमणी वेगळी.

ब्रॅम्प्टनकर
चिमणी वेगळी, हे मी सांगणारच होतो. आमच्याकडे ९०० सीएफएमची आहे, मिनिटाला ९०० घनफूट हवा ओढते. बोंबील भाजले तरी शेजाऱ्याला कळत नाही.

निवांत
शेजाऱ्यालाच कळत असणार, काका. तुम्हाला कळत नाही.

गणिती_आइंडहोव्हन
पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर आधी हा हिशेब बघा.
घर साधारण ४०० घनमीटर. तासाला १६० घनमीटर हवा बदलली, आत २० अंश आणि बाहेर सरासरी ७ धरले, तर हवेवाटे सुमारे ६९० वॅट ऊब जाते. यंत्राने ८५ टक्के परत दिली तर ५८०. हीटिंगचे २२० दिवस धरले तर ३,००० युनिट उष्णता. मोठा आकडा वाटतो ना? पण तुमच्याकडे हीट पंप आहे. एका युनिट विजेत तो साडेतीन युनिट उष्णता देतो. म्हणजे खरी बचत ८६० युनिट वीज. त्यातून यंत्राचे पंखे वजा करा, ४० वॅट बारा महिने, ३५० युनिट. उरले ५१०. युनिटला ३५ सेंट धरले तर १७८ युरो. वर्षातून दोनदा फिल्टर, त्याचे ५० वजा. किमतीतला फरक ४,१०० युरो. वसूल व्हायला तीस वर्षांच्या वर.
घ्यायचं असेल तर हवेसाठी घ्या, बिलासाठी नको.

कॉर्कचा_कदम
डीसीव्हीचा पंखाही वीज खातोच की. तो कुठे धरलास?

गणिती_आइंडहोव्हन
मान्य, तो १० वॅट धरू. पण डीसीव्ही गरज नसताना हवा कमी करतं, तो फायदाही मी धरलेला नाही. फिट्टंफाट.

खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. घर किती हवाबंद होणार? फटीफटींतून हवा जात असेल तर ती यंत्रातून जातच नाही, मग ऊब कसली परत मिळणार? पॅसिव्ह हाऊसला, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराला, ०.६ लागतं.

चिमणी_डब्लिन
ते माप वेगळं रे. ०.६ म्हणजे ५० पास्कल दाबाला तासात घरातली किती हवा बदलते ते. इथल्या नियमात दर चौरस मीटर पृष्ठभागामागे तासाला किती घनमीटर, कमाल ५. आणि ३ च्या खाली गेलात तर नुसत्या भिंतीतल्या भोकांवर भागत नाही, यांत्रिक व्हेंटिलेशन लागतं. सदाफुली, बिल्डरला आकडा विचार. "एकदम टाइट" हा आकडा नव्हे.

सावंतीण
पश्चिमेला रेडॉन असतो ना, जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू? त्याचं बघितलंत का?

सदाफुली_मेयो
हो, जमिनीखाली रेडॉनचा पडदा आणि संप (तो वायू बाहेर काढायचा खड्डा) दोन्ही घातलेत, ते सक्तीचंच आहे.
सगळ्यांचे आभार. एक शंका. जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात आमच्या भाड्याच्या घरी पाच दिवस वीज नव्हती. हीट रिकव्हरी बंद पडली तर गुदमरायला होईल का?

कॉर्कचा_कदम
नाही हो. घर म्हणजे बरणी नव्हे. खिडकी उघडायची.

निवांत
सासरे १, यंत्र ०.

ब्रॅम्प्टनकर
जनरेटर घ्या ना. आमच्याकडे आहे.

सदाफुली_मेयो (आठ दिवसांनी)
बिल्डर ४ च्या आत लेखी द्यायला तयार आहे, ३ च्या आत नाही. हीट रिकव्हरीचा फायदा हवा तर घर तेवढं हवाबंद हवं, आणि त्यासाठी टेप, मेम्ब्रेन आणि हवाबंदपणाची दुसरी टेस्ट धरून तो आणखी २,२०० मागतोय. म्हणजे हीट रिकव्हरीचे खरे १०,६०० होतात.

तर डीसीव्ही घेतोय. उरलेल्या पैशांत दोन गोष्टी. कपड्यांसाठी हीट पंप ड्रायर. आणि युटिलिटीच्या जागी दार असलेलं छोटं मागचं किचन, त्यात थेट बाहेर सोडणारी चिमणी, १५० मिलिमीटरच्या सरळ नळीची. फोडणी तिथे, दार बंद. नवऱ्याला मासे तिथे, आईला साबुदाणा वडे तिथे.

माहीत आहे, जवळजवळ सगळ्यांनी उलट सांगितलं होतं.

ब्रॅम्प्टनकर
पस्तावाल.

कॉर्कचा_कदम
ठीक आहे. पण बसवणारा आणि तपासणारा एकच माणूस चालत नाही, तपासणी एनएसएआयकडे (इथली मानक संस्था) नोंद असलेल्या त्रयस्थाकडून होते. तो येईल तेव्हा तुम्ही स्वतः हजर राहा. प्रत्येक झडपेवर मीटर लावून आकडा मोठ्याने वाचायला लावा. आमच्याकडे गाडीत बसूनच कागद भरला होता.

चिमणी_डब्लिन
आणि झडप पलंगाच्या डोक्याशी बसवू देऊ नकोस, पाया पडते. खिडकीच्या वर, उंचावर.

सदाफुली_मेयो
पलंग कुठे येणार ते अजून ठरलं नव्हतं. आज संध्याकाळी साइटवर जाऊन खडूने आखून आले, तिन्ही बेडरूममध्ये. लेकीच्या खोलीत तिने स्वतः आडवं पडून दाखवलं. सासरे बघत होते. म्हणाले, खिडकी उघडणारीच आहे ना? हो म्हटलं.