मदत हवी आहे : गाडी बंद केल्यावर सॉकेट चालू राहतं का?

वडिलांच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. म्हणून गाडीच्या सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा कूलिंग बॉक्स घेतलाय, ४८ वॅटचा, म्हणजे ४ अँपिअर. चावी काढली तरी त्याचा हिरवा दिवा विझत नाही. हे थोड्या वेळाने आपोआप बंद होतं, की बॅटरी उतरेपर्यंत चालूच राहतं? बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे, चार तासांत जवळपास निम्मी जाईल. धुळ्याला दवाखान्यात तेवढा वेळ सहज जातो. बॉक्ससाठी वेगळी बॅटरी ठेवावी का? भुसावळ-जळगावकडचा खात्रीचा ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर सांगा, उगाच वायरी कापणारा नको.