कोजागिरी झाली न् लगेच उल्कावर्षाव, वरून ढग. नागपुरातून काही दिसन का?

गच्चीवाला_मनीषनगर:
परवा कोजागिरी झाली न् आज २१ ऑक्टोबरच्या रात्री मृग नक्षत्राकडून येणाऱ्या उल्का म्हणे. पोट्टा दुपारपासून मागे लागून राहिला, बाबा तुटते तारे दाखवा. वर पाहतो तर ढगांचे पुंजके, न् चंद्र अजून जवळपास गोलच, गच्चीवर पेपरातल्या हेडलाइन वाचता येतात एवढा उजेड. ॲपमध्ये तासाला २० लिहून आहे. पेंचच्या जंगलात अंधारात गेलो असतो पण उद्या ड्युटी आहे. अलार्म लावू का सरळ झोपू?

खिंडसीचा_भोपळा:
दादा, ते २० म्हणजे एकदम काळंभोर आकाश, ढग शून्य न् मृग डोक्यावर, तेव्हाचा आकडा. तुमच्या गच्चीवरून आज तासाला दोन-चार दिसल्या तरी पार्टी द्या. पोट्ट्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दिवाळीच्या रॉकेटची वाट पाहत बसन.

रात्रपाळी:
लावा अलार्म, पण बाराचा नाही, साडेतीनचा. मृग दहाच्या आसपास उगवते, साडेतीन-चारला दक्षिणेकडे मस्त वर येते न् तोवर चंद्र पश्चिमेला कलते. त्याच्याकडे पाठ करून पूर्वेकडे तोंड करा, पाण्याच्या टाकीची सावली अंगावर येईन अशी चटई टाका. मृगाकडेच टक लावू नका, थोडं बाजूला पाहा, रेघ लांब दिसते. न् मोबाईल खाली ठेवून या, डोळे सरावायला २०-२५ मिनिटं लागतात, एकदा व्हॉट्सॲप उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. ढगांचं काय, ते सरकतातच, फट मिळाली की पाहायचं. या उल्का सेकंदाला ६६ किलोमीटरनं येतात, "तो पाहा" म्हणेपर्यंत संपते.

आजी_ऑनलाइन:
या हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीच्या आहेत ना? १९८६ मध्ये आम्ही तो पाहायला पहाटे उठलो होतो, दिसला तो धुरकट ठिपका. आता २०६१ ला येईन, तो तुमच्या पोट्ट्यानंच पाहावा. स्वेटर द्या त्याला, पहाटे दव पडते.

झोपाळू_धरमपेठ:
काऊन जीव आटवता? १४ डिसेंबरला मिथुन राशीकडून येणाऱ्या उल्का पाहा, तेव्हा चंद्र अडीचच्या सुमारास मावळते न् त्या कितीतरी जास्त. नोव्हेंबरच्या १७ च्या, सिंह राशीच्या, मात्र विसरा, तेव्हा पुन्हा पौर्णिमा डोक्यावर.

गच्चीवाला_मनीषनगर:
झाली रात्र. साडेतीनला उठलो, पाऊण तास नुसते ढग, पोट्टा चटईवर घोरून राहिला न् मी एकटाच मच्छर मारत बसलो. सव्वाचारला व्याधाच्या ताऱ्याच्या वर फट पडली न् एक गेली, मागे धुरासारखी रेघ एखादा क्षण तशीच राहिली. त्याला हलवून उठवलं तोवर फट बंद. नंतर पाचच्या आधी त्याला एक बारकी दिसली, म्हणजे तो म्हणते दिसली, मी तेव्हा थर्मास शोधत होतो. आता शाळेत तीन पाहिल्या म्हणून सांगून राहिला.

खिंडसीचा_भोपळा:
पार्टी?