तांबालाकॉकच्या बाठ्यांना बुरशी लागतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची, सध्या मॉरिशसला असते. सुट्टीच्या दिवशी इथल्या देशी झाडांच्या एका रोपवाटिकेत काम करायला जाते. तिथे रीतसर परवानगीने गोळा केलेले तांबालाकॉक या झाडाचे बारा बाठे माझ्यावर सोपवलेत. आठ महिन्यांत त्यातले चार कुजले. जीव फार हळहळला. उरलेले आठ काही करून जगवायचे आहेत.

हे झाड जगात फक्त मॉरिशसच्या डोंगराळ जंगलात उगवतं. कुळ मात्र आपल्या ओळखीचं: चिकू, बकुळ, मोह यांचंच. बाठा लाकडासारखा टणक, कवच १५ मिलिमीटरपर्यंत जाड. त्याच्याभोवती केसाएवढी बारीक रेघ फिरते आणि रुजताना डबीचं झाकण उघडावं तसा तो तिथेच उकलतो.

हे झाड म्हटलं की डोडोची, म्हणजे इथल्या नामशेष झालेल्या पक्ष्याची, गोष्ट निघतेच. १९७७ साली स्टॅनली टेंपल या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय हे बी रुजत नाही, आणि म्हणून १३ म्हातारी झाडंच उरलीत. त्यांनी टर्कींना १७ बाठे भरवले. ७ फुटले, १० शाबूत निघाले, त्यातले ३ रुजले. पण न भरवलेले बाठे तुलनेला लावलेच नव्हते. शिवाय असे बाठे त्याआधीही रुजले होते, आणि डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडंही जंगलात आहेत. माझ्या मते खरा घात माकडं करतात, कच्ची फळंच तोडून टाकतात. वर बाहेरून आणलेल्या लाल पेरूचं रान इतकं माजलंय की खाली रोपाला उजेड मिळत नाही.

आता माझी अडचण. गर चोळून धुतला होता, तरी रेघेपाशी पांढरी बुरशी येते. माती बदलून जाड वाळू घातली, पाणी एक दिवसाआड केलं. एका बाठ्याची रेघ या पंधरवड्यात थोडी रुंदावलीय, नख अडकतं.

कोकणात कुणी बकुळ किंवा रांजण (खिरणी) बियांपासून केलाय का? बी कानशीने घासता का, की नुसतं भिजवता? बुरशीवर राख चालेल का? आणि ज्याची रेघ उघडतेय त्याला हात लावू की तसाच राहू देऊ? हे आधी सांगा, शनिवारी पुन्हा जायचंय.