पुरावा, साधन, दाखला : इतिहासात यातला कुठला शब्द वापरायचा?

मी कॉलेजात इतिहास शिकवते. हल्ली वर्गात एक वाक्य सारखं ऐकू येतं, "मॅडम, याला पुरावा आहे", आणि मोबाईल पुढे येतो, त्यावर कुठल्यातरी मोडी कागदाचा फोटो नि खाली चार ओळी मजकूर, पण कागद कोणाचा, कोणाला लिहिलेला, कुठल्या दफ्तरातला, काही पत्ता नाही. मुलांना दोष देत नाही, पण मला वाटतं गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. पुरावा हा कोर्टातला शब्द, तो दिला की निकाल. आपल्याकडचा जुना शब्द साधन. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ ला पानिपतच्या काळातली पत्रं छापली तेव्हा मालेचं नाव 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ठेवलं, पुरावे नाही म्हटलं. साधन म्हणजे ज्याच्यावर काम करून काहीतरी साधायचं. तुम्ही हा फरक करता का?

– आमच्याकडे बोलताना दाखला जास्त येतो. "जुन्या कागदात तसा दाखला सापडतो". पण जन्माचा दाखला, शाळेचा दाखला म्हटलं की परत शिक्कामोर्तबच आठवतं. आणि अस्सल कागद असेल तर तो पुरावाच झाला ना?

– नाही ना, तिथेच तर घसरतं सगळं! अस्सल म्हणजे मूळ कागद, नक्कल नव्हे, एवढंच. आतला मजकूर खरा असेलच असं नाही, अस्सल पत्रातसुद्धा माणूस धन्याला खूश करायला वाढवून लिहितो, हार झाकतो. शिवाय पेशवाईतल्या कितीतरी पत्रांवर सालच नसतं, नुसतं छ लिहून मुसलमानी महिना आणि तारीख (छ म्हणजे चंद्र). मग पत्रात कोण जिवंत आहे, मुक्काम कुठे पडलाय, पाऊस लागलाय का, यावरून साल काढायचं. परवा वर्गात असं एक पत्र दिलं तर दोन गटांनी दोन सालं काढली आणि तासभर भांडले, मला इतकं बरं वाटलं काय सांगू. एकीने विचारलं, मग पत्र खोटं आहे का? म्हटलं पत्र अस्सल आहे, साल आपण लावतोय, चुकलं तर आपलं चुकेल. पुढच्या तासाला ती घरून पंचांगाचं जुनं पुस्तक घेऊन आली.